पुढच्या दारातलं घरटं

अहो,

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे पांगले, भाड्याची भांडी परत गेली, सतरंज्या धुऊन गच्चीवर वाळत घातल्या. मृणाल आत दुपारची झोपली आहे आणि मी मागच्या पायरीवर, तुमच्या जागेवर बसले आहे. पुढच्या ओट्यावर मला बसवत नाही. सगळ्यांना वाटतं, तिथून तुम्हाला नेलं म्हणून. वाटू दिलंय मी तसं. खरं कारण वेगळं आहे आणि ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायचं आहे, पण एकदम जमणार नाही. आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू द्या. मी मुद्द्यावर यायला वेळ घेते हे तुम्हाला काय नवीन आहे? "शालू, फोडणी जळायला लागली, आता भाजी टाक," असं म्हणायचात ना.

या दिवसांत लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले. त्याचं काही नाही, तुम्ही होतातच तसे. पण जो येईल तो माझ्याबद्दलही बोलून जायचा. "वहिनी, तुमची साथ होती म्हणून भाऊंना हे सगळं करता आलं." "दोघांनी मिळून किती जीव जगवलेत." मी मान खाली घालून ऐकत होते. अहो, माझी कसली साथ? या बागेवरून मी तुमच्याशी जेवढी भांडले तेवढी सासूशीही भांडले नाही. पण आलेल्या माणसाला असं कसं सांगणार? मी चहा पुढे केला.

मखमलाबादला आपण घर बांधलं तेव्हा आजूबाजूच्या बंगल्यांत हिरवळ आली, ओळीने पाम आले, एकाने तर कारंजंही बसवलं. आपल्याकडे गुडघाभर गवत. "निम्मी बाग आपली, निम्मी त्यांची," असा तुमचा कायदा. आपल्या निम्म्यात माझी तुळस, मोगरा आणि दोन गुलाब. त्यांच्या निम्म्यात रुई, घाणेरी, बोरीचं झुडूप, वाळकी लाकडं आणि पालापाचोळ्याचा ढीग. आणि त्यांची हद्द दर वर्षी थोडी थोडी सरकत माझ्या मोगऱ्यापर्यंत यायची, तेव्हा तुमचा कायदा कुठे जायचा कोण जाणे. परसात कढीपत्त्याचं एवढं मोठं झाड, आणि तुम्ही बुधवारी गोदेकाठी गंगेवरच्या बाजारातून कढीपत्ता विकत आणायचात, कारण झाडावर फुलपाखराच्या अळ्या होत्या. "अगं, तिला दुसरा पाला चालत नाही. तुला चालतो," हे तुमचं उत्तर. मी हे शेजारणींना सांगून हसवायचे. तुमच्यावर हसवायचे, हे आता कळतंय.

माझं काथ्याचं नवंकोरं पायपुसणं तुम्ही उसवलंत आणि काथ्या तारेवर टांगलात, पक्ष्यांना घरट्याला लागतो म्हणून. धामण निघाली तेव्हा मी पलंगावर चढून ओरडत होते आणि तुम्ही खाली उभे राहून मला समजावत होता की ती गरोदर दिसते आहे, जरा हळू ओरड. आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते. तुम्हाला ते कळलं की नाही याचीच मला शंका आहे.

पण खोटं कशाला बोलू, मला काही सुखंही मिळाली त्यातून. भारद्वाज घुमला की मी हातातलं टाकून मागे पळायचे, दर्शन शुभ म्हणून. तुम्ही चिडवायचात, "तुझा तेवढा एकच पक्षी. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" आणि रविवारची ती कालव्याकाठची फिरणी. तुमच्या गळ्यात दुर्बीण, माझ्या हातात पोह्यांचा डबा, आणि तोंडात गुडघ्यांची तक्रार. एकदा रामशेज किल्ल्याच्या बाजूला नांगरून टाकलेल्या रानात तुम्ही मला खाली बसवलंत. समोर एक टिटवी पंख मोडल्यासारखी लंगडत चालली होती. मी म्हटलं, अहो, बिचारी जखमी आहे. तुम्ही कानात म्हणालात, "सोंग आहे. आपण तिच्यामागे जावं आणि अंड्यांकडे बघू नये म्हणून." खरंच, जरा लांब गेल्यावर ती खुशाल उडाली. मला इतकं भरून आलं की मी म्हटलं, आईच ती. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जशी काही मी परीक्षेत पहिली आले. त्या दिवशी पोहे गार झाले तरी तुम्ही दोनदा मागून घेतलेत.

मागच्या मळ्यातला काशिनाथ दर उन्हाळ्यात बांध पेटवायचा. "भाऊ, लय गवत माजलंय. पेटवून दिलं म्हंजे साप-किरडू राहत नाय." तुम्ही त्याच्याशी कधी वाद घातला नाहीत. त्याच्या बांधावर जाऊन बसायचात, त्याच्या झेंडूचं कौतुक करायचात, तंबाखूला नाही म्हणायचात आणि उठता उठता म्हणायचात, "काशिनाथ, ह्या साली राहू दे की एवढा एक बांध." असं करत करत त्याचे सगळे बांध राहिले. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला होता. ओट्यावर बसला, डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाला, "ताई, आता कुनी सांगायला नाय, पन मी नाय पेटवनार." तो ओट्यावर ज्या जागी बसला होता त्याच्या बरोबर डोक्यावर ते होतं.

आलेच शेवटी तिथे.

लालबुड्या बुलबुलाचं नाव मी चारचौघांत घेत नसे. कसलं ते नाव. मी नुसतं बुलबुल म्हणायचे. आपल्या पुढच्या दाराच्या चौकटीवरून जो कृष्णकमळाचा वेल गेलाय, त्यात त्या जोडीने घरटं केलं त्या वर्षापासून या घराची दिशाच बदलली. दार उघडलं की पानं हलायची, पानं हलली की मादी उडून जायची, म्हणून तुम्ही दाराला आतून कडी घातलीत आणि पुढे खुर्ची लावून ठेवलीत. पिल्लं उडून जाईपर्यंत सगळ्यांनी मागून यायचं. दूधवाला मागून, कुरियरवाला मागून, नळाचं काम करणारा मागून. पाहुणेसुद्धा बोळातून, धुण्याच्या दगडावरून, वाळत घातलेल्या परकरांखालून वाकून, थेट स्वयंपाकघरात. अहो, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चांगल्या घरातलं माणूस आलं की दाराशी स्वागत करतात, पाणी देतात. आपल्याकडे त्याला आधी खरकट्या भांड्यांचं दर्शन.

आणि मृणालला बघायला सटाण्याची मंडळी यायची होती तेव्हाही तुम्ही हटला नाहीत. मी रडले, जेवले नाही, माझ्या भावाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "अंडी फुटायला आलीत. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे." मी म्हटलं, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणालात, "बुलबुलाची चार पिसं हलली म्हणून जे स्थळ मोडेल, ते मोडलेलं बरं." असा संताप आला होता.

आले ते लोक. कांद्याचे मोठे व्यापारी, पांढरेशुभ्र कपडे, विहीणबाईंच्या अंगावर भारी पैठणी. तुम्ही फाटकाशी उभे राहून हात जोडलेत आणि म्हणालात, जरा मागून यावं लागेल, पुढच्या दारात बाळंतीण आहे. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नारायणराव, म्हणजे आता आपले व्याही, चारचौघांत मोठं जपून, शुद्ध बोलणारे. ते चमकून एकदम अहिराणीत म्हणाले, "हाई काय शे?" तुम्ही त्यांना खिडकीपाशी नेलंत, स्टुलावर चढवलंत, आणि मुलगी बघायचं राहिलं बाजूला, ते गृहस्थ तिथून उतरायलाच तयार होईनात. जाताना मला म्हणाले, "विहीणबाई, अशा घरातली मुलगी आमच्याकडे सुखात राहील." त्यांनी मला विहीणबाई म्हटलं आणि लग्न ठरलं. तरीसुद्धा तुम्ही बरोबर होता हे मी कबूल केलं नाही. पुढे कधी विषय निघाला की म्हणायचे, नशीब चांगलं म्हणून निभावलं. आणि तुम्ही हसून सोडून द्यायचात.

या उन्हाळ्यात बुलबुलाची जोडी पुन्हा आली. कडी लागली, खुर्ची आली, मीही सवयीने कुरकुरले. पिल्लं निघाली तेव्हा तुम्ही खिडकीशी उभे राहून ती आई काय काय आणते ते मला सांगत होता. नाकतोडा आणला, कोळी आणला, हिरवी अळी आणली. मी म्हटलं, माझ्या कढीपत्त्यावरची असेल, निदान कुणाच्या तरी उपयोगी पडली. तुम्ही किती हसलात त्यावर.

त्या दिवशी सकाळीही चहाच्या आधी तुम्ही बघून आलात. "नुसत्या चोची दिसतात, बाकी काही नाही," म्हणालात. कप हातात घेतलात. पुढचं तुम्हाला माहीत आहे, किंवा नसेलही. डॉक्टर मागच्या दाराने आले आणि मागच्याच दाराने गेले.

नाशिकरोडहून वसंतभावजी आले. त्यांनी सगळं हातात घेतलं, नाहीतर मी काय करणार होते? फोन केले, सामान आणायला माणूस पाठवला, आणि म्हणाले, "वहिनी, लोक यायला लागतील. पुढचं दार उघडतो." खुर्ची त्यांनी स्वतः उचलून बाजूला ठेवली. कडी घट्ट बसली होती, तिला दोन धक्के दिले. मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर बसले होते. माझ्या मनात आलं, सांगावं. एवढं एकच वाक्य होतं हो. "भावजी, मागून करू या." मागचं अंगण चांगलं मोठं आहे, बोळातून रस्त्याला लागता येतं, डॉक्टर आलेच होते की. आणि तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात, हे सांगायला कुणा जाणत्याची गरज नव्हती. पण आपल्यात माणूस शेवटचा जातो तो पुढच्या दाराने. मागच्या दाराने न्यायला काय चोरी केली होती, असं कुणीतरी म्हणणार. नवरा जाऊन तास झाला नाही आणि बाई पाखरांचं बोलते, असंही कोणीतरी म्हणणार. मी गप्प बसले.

मग ओटा भरला. चपलांचा ढीग पडला. बायका माझ्याभोवती बसल्या, पुरुष दारात उभे राहिले. कुणीतरी सावलीसाठी वेलाला टेकून उभं होतं. बाहेर ओट्यावर तिरडी बांधायला घेतली, बांबू आपटत होते. आणि मला दारातून समोरची तार दिसत होती. तिच्यावर ती बसलेली. चोचीत हिरवी अळी. इकडे यायची, माणसं बघायची, परत तारेवर जायची. मग नरही आला. तोही तसाच. अळी चोचीतच. त्यांचा तो एक आवाज असतो ना, तुटक, ठिणग्या पडल्यासारखा, तुम्ही म्हणायचात की तो धोक्याचा. तो चालू होता सारखा. बायकांच्या रडण्यात तो मला एकटीला ऐकू येत होता. ओट्यावरची माणसं दहा पावलं मागे सरकली असती तरी पुरलं असतं.

आता सगळ्यात वाईट ते सांगते. त्या वेळी मी लोकांना घाबरून गप्प होते, हे अर्धं खरं आहे. त्या तारेकडे बघता बघता मला राग आला. तुमचा. सकाळी उठून आधी त्यांना बघायला गेलात. एवढी वर्षं माझ्या दाराला कडी घातलीत त्यांच्यासाठी. आणि आता मला न सांगता निघून गेलात आणि मी त्यांची काळजी करू? मनात आलं, मरू देत. असं स्पष्ट शब्दांत आलं. तुमच्या पायाशी बसून, तुमच्या पायावर हात ठेवून मला हे वाटलं.

मृणाल आली, सटाण्याची मंडळी आली. पोरगी आत धावली. नारायणराव मात्र फाटकातच थांबले. त्यांनी तारेकडे पाहिलं, मग वेलाकडे पाहिलं, मग गर्दीतून मला शोधलं. मी उठून दारापर्यंत आले तेव्हा त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "विहीणबाई, मागून येऊ का?"

अहो, देवाने दुसऱ्यांदा संधी दिली होती. माणूस मान्यवर, वयाने मोठा, मुलीचा सासरा. त्यांनी शब्द टाकला असता तर वसंतभावजींसकट सगळे मागच्या अंगणात गेले असते, आणि माझ्यावर काही आलंही नसतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. मी म्हणाले, "नाही, या इकडूनच."

ते आले. त्यानंतर त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

तुम्हाला नेल्यावरही लोक येतच राहिले. ओट्यावर सतरंज्या पडल्या, पंखा लावला, पाण्याचं पिंप ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती तारेवर दिसली, चोच रिकामी. तिसऱ्या दिवशी पुरुष मंडळी अमरधामला अस्थी आणायला गेली आणि ओटा जरा मोकळा झाला. मी तुमचं स्टूल घेतलं आणि वर चढून पाहिलं. काय होतं ते तुम्हाला सांगत नाही. तुम्ही ओळखाल. मुंग्या लागल्या होत्या, एवढंच सांगते.

मी स्टुलावरून उतरले ती खांबाला धरून खालीच बसले आणि जी रडले, तशी तुम्ही गेलात तेव्हाही रडले नव्हते. आतून बायका धावत आल्या. माझ्या जाऊबाईंनी मला कुशीत घेतलं. "रडू दे तिला. आत्ता कुठे रडतेय. मोकळी होऊ दे." त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मला त्यांचा हात नकोसा होत होता. तो हात तुमच्यासाठी रडणाऱ्या बाईसाठी होता. मी ती नव्हते, निदान तेव्हा नव्हते. पण मी तो फिरवू दिला.

संध्याकाळी झाडायच्या निमित्ताने मी घरटं उतरवलं. पिल्लं तुमच्या पालापाचोळ्याच्या ढिगात, खालच्या ओल्या पानांत ठेवली. हात धुऊन आत आले तर मृणाल दारात उभी. तिने वेलाकडे बघून विचारलं, "आई, घरटं कुठे गेलं? पिल्लं उडाली का गं?"

माझ्या तोंडून निघालं, "उडाली."

तिचा चेहरा असा उजळला हो. त्या दिवसांत पहिल्यांदा. "कधी?" म्हणाली. मी म्हटलं, बाबांना नेलं ना, त्यानंतर लगेच. एकदा खोटं बोललं की ते सजवावंही लागतं, हे मला माहीत नव्हतं. ती रडायला लागली, पण ते रडणं वेगळं होतं. "बाबा त्यांना घेऊनच गेले," म्हणाली. माझ्या गळ्यात पडली. मी तिला काय सांगणार होते आता?

तिने ते नवऱ्याला सांगितलं, त्याने वसंतभावजींना. भावजींनी येईल त्याला सांगितलं. आता तर ती गोष्टच झाली आहे. दारात घरटं होतं, भाऊंची अंत्ययात्रा निघाली आणि त्याच घडीला पिल्लांनी झेप घेतली. लोक ऐकतात, डोळे पुसतात, माझ्याकडे बघतात. "वहिनी, केवढा हा योग." कुणी म्हणालं, यावर लिहायला हवं. मी बसल्या जागी अशी आकसून जायचे की पदर तोंडाला लावल्याशिवाय बसता येईना. त्यांना वाटायचं, भरून आलं. ज्या ओट्यावर ती उपाशी मेली त्याच ओट्यावर बसून लोक त्यांच्या झेपेचं कौतुक करत होते, आणि त्या कौतुकाचा चहा मीच करून देत होते. नारायणराव त्या बैठकीत एकदा होते. गोष्ट सांगून झाली तेव्हा ते उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांच्याकडे मला यापुढे कधी बघता येईल असं वाटत नाही.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? रागावला असतात तर बरं झालं असतं. पण तुम्ही रागवायचाच नाहीत. मी तुमची रुई उपटून टाकली होती एकदा, तुम्ही गावाला गेलेले असताना, आठवतं? तुम्ही आलात, पाहिलंत, आणि म्हणालात, "असू दे, मुळं आहेत अजून." यावेळीही तुम्ही असू दे म्हणाला असतात. मला ते नको आहे. म्हणून मी या दिवसांत तुमच्या फोटोसमोर फारशी बसले नाही. दिवा लावायचा आणि उठायचं.

दहाव्याला गंगेवर गेलो. आपल्याकडे बायका जात नाहीत घाटावर, पण मृणाल हट्टाला पेटली, मग मीही गेले. विधी भावजींनी केले. तुम्हाला आवडतात म्हणून जाऊबाईंनी भाताबरोबर मेथीची भाजी आणि गुळाची पोळी ठेवली होती. पिंड मांडला, सगळे मागे सरकले, हात जोडून उभे राहिले. आमच्या शेजारीच एक कुटुंब ताटकळत होतं. त्यांच्या पिंडाकडे कावळा ढुंकून बघत नव्हता. त्यातला एक म्हातारा हात जोडून विनवत होता, "तुझ्या पोरीचं लग्न मी लावून देतो रे, ये आता." गुरुजी म्हणाले, "इथले कावळे भरल्या पोटाचे असतात. वेळ लागतो. आणि काही इच्छा राहिली असेल तर बोलून टाकावी."

मला माहीत आहे, तुमचा यावर विश्वास नव्हता. माझाही फारसा नाही. पण अहो, गुरुजींचे ते शब्द मी माझ्यावर घेतले. मला वाटलं, आता येणार नाही. तुम्ही नाही येणार. भावजी म्हणतील, वहिनीला आम्ही सांभाळू. मृणाल म्हणेल, बाबा, तुमची बाग मी बघेन. कशानेही येणार नाही. मग सगळे माझ्याकडे वळतील. आणि मग मला बोलावंच लागेल. भावजींसमोर, मृणालसमोर, नारायणरावांसमोर, त्या परक्या लोकांसमोर, मोठ्याने. पिल्लं उडाली नाहीत. ती उपाशी मेली. मला दिसत होतं आणि मी गप्प बसले. मी मनात शब्द जुळवले सुद्धा. पहिलं वाक्य ओठांवर आलं होतं. तेरा दिवसांत तेवढा एकच क्षण असा होता की मला वाटलं, मी सुटेन.

भावजींनी हात जोडून डोळेही मिटले नव्हते, तोच कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. गुरुजी म्हणाले, "भाग्यवान. मागे काही राहिलं नव्हतं." भावजींनी डोळे पुसले, "राहणार काय? पिल्लंसुद्धा उडालेली बघून गेला माझा भाऊ." शेजारचा तो म्हातारा आमच्याकडे हेव्याने बघत होता. मृणालने माझा हात घट्ट दाबला आणि म्हणाली, "बघ आई, बाबा खूश आहेत."

मी ओठ मिटून घेतले.

इतकी कसली घाई होती तुम्हाला? एवढी वर्षं मी तुम्हाला हाका मारायचे, जेवण गार होतंय, या, आणि तुम्ही झुडपापाशी वाकलेले, येतो येतो म्हणत तासभर यायचा नाहीत. त्या दिवशी थोडं अडून बसायचं होतंत. सगळ्यांसमोर मला ताटकळत ठेवायचं होतंत. मी बोलले असते हो. मला वाटतं, बोलले असते.